मोजणारा आणि भोगणारा

केंद्र सरकार दरवर्षी हमीभाव जाहीर करतं, तेव्हा ज्वारीपुढे दोन आकडे असतात. एक हायब्रीडचा, दुसरा मालदांडीचा. 2022-23 च्या हंगामात या दोहोंत क्विंटलमागे 20 रुपयांचं अंतर होतं. 2025-26 साठी ते 50 रुपये आहे: हायब्रीड 3,699, मालदांडी 3,749. म्हणजे सरकारच्या लेखी चांगल्या ज्वारीच्या चांगलेपणाची किंमत किलोमागे 50 पैसे. सोलापूर जिल्ह्यात ज्या घरी रोज भाकरी होते, तिथे हा हिशेब सांगून पाहा. लोक हसतील, आणि मग विचारतील, हा फरक ठरवणाऱ्याने दोन्हींची भाकरी कधी खाल्ली होती का?

हा प्रश्न फक्त ज्वारीपुरता नाही. वस्तू चांगली की वाईट, डॉक्टर हुशार की भोंदू, शिकवणी कामाची की नुसती नावाची, हे ठरवताना आपण सगळेच त्याच्याशी अडखळतो. गुणवत्ता वस्तूत असते, ती मोजली की झालं, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं वेगळं आहे. गुणवत्तेचं माप किती खरं, हे मापाच्या बारकाईपेक्षा मोजणारा आणि भोगणारा यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असतं. मोजमाप चुकल्याची झळ मोजणाऱ्याला लागत असेल तर साधं मापही खरं ठरतं. ती लागत नसेल तर प्रयोगशाळेतलं यंत्रसुद्धा खोटं बोलायला शिकतं.

याचा दाखला सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळमध्येच आहे. आज ज्याला आपण मालदांडी म्हणतो ते 'एम 35-1' हे वाण 1930 च्या दशकात मोहोळला, इथल्या गावरान मालदांडीतून निवड पद्धतीने काढलं गेलं. ही पद्धत सांगायला सोपी आणि करायला चिकाटीची. गावरान पिकात प्रत्येक ताट थोडं वेगळं असतं. त्यातली उत्तम कणसं वेचायची, प्रत्येक कणसाचं बी वेगळ्या ओळीत पेरायचं, ओळी ताडून पाहायच्या, आणि एकसारखं शुद्ध वाण हाती येईपर्यंत हेच करत राहायचं. त्यानंतर राहुरी, परभणी, अकोला आणि हैदराबादहून कितीतरी नवी वाणं आली. तरीही रब्बी ज्वारीचं नवं वाण तपासायचं तर ते मालदांडीच्या शेजारी पेरून बघायचं, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. एखादं वाण एवढी वर्षं इतरांना मोजायची पट्टी होऊन राहतं, ही शेतीत विरळा गोष्ट आहे.

मालदांडीला हा मान कशामुळे मिळाला? उत्पन्नाच्या स्पर्धेत ती कधीच पहिली नव्हती. पण परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात जिरलेली असते, तेवढ्यावर ती तग धरते. कोरड्या थंडीत दाणा भरत असल्याने तो टपोरा, गोल आणि मोत्यासारखा पांढरा राहतो, खरिपातल्या ज्वारीसारखा पावसात भिजून काळा पडत नाही. तिचा कडबा जनावरं चिपाडासकट खातात. आणि भाकरी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते गरम पाण्यावर आणि मळणाऱ्या हातावर चालतं. पीठ विरी गेलेलं असेल तर भाकरी थापतानाच चिरते. नीट असेल तर परातीत हवी तेवढी पसरते, तव्यावर फुगते आणि तिला पापुद्रा सुटतो. सकाळची भाकरी संध्याकाळी मऊ आहे का, दुसऱ्या दिवशी रानात न्यायला चालेल का, ही परीक्षा त्या पुढची.

हे गुण पारखणारे कोण होते ते पाहा. पेरणारा, राखणारा, बियाण्यासाठी कणीस बाजूला काढणारा, भाकरी थापणारी आणि खाणारी, सगळे एकाच घरातले. बियाणं निवडण्यात चूक झाली तर वर्षभर तीच भाकरी खायची आणि तोच कडबा बैलापुढे टाकायचा. कुठला तक्ता नव्हता, गुणांकन नव्हतं. तरी ही पारख इतकी नेमकी होती की संशोधकांना निवडीसाठी हात घालायला आधीच उत्तम माल तयार होता. मोहोळच्या वाणामागे विज्ञानाची शिस्त आहेच, पण ते विज्ञान ज्या गावरान पिकावर उभं राहिलं त्याची निवड शतकानुशतकं भोगणाऱ्यांनीच केली होती.

मग 1964 साल आलं. 'सी.एस.एच. 1' हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण प्रसारित झालं. ते बुटकं होतं, लवकर येणारं होतं आणि एकरी उतारा गावरानपेक्षा कितीतरी अधिक देणारं होतं. क्विंटलमध्ये मोजायचं तर यश निर्विवाद होतं. पण ताट बुटकं म्हणजे कडबा कमी. खरिपात लवकर पक्व होणारा दाणा पावसात सापडला की बुरशीने काळा पडायचा. भाकरीची चव उतरली. बघता बघता 'हायब्रीड' हा शब्द मराठीत शिवीच्या जवळ जाऊन बसला. बेचव भाजीपासून बेगडी माणसापर्यंत सगळ्यांना तो चिकटला.

यावरून जुनं ते सोनं आणि शास्त्रज्ञ मूर्ख, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि तितकंच चुकीचं आहे. तो काळ अमेरिकेच्या धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याचा होता. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवरची लाल मिलो खाल्ली. तीही ज्वारीच होती, तिकडे जनावरांना घालतात ती. त्या वर्षी ताटात काहीतरी असणं हीच गुणवत्ता होती. हायब्रीड आणणाऱ्यांनी मोजायला घेतलेली गोष्ट त्या घडीला खरोखर महत्त्वाची होती. चूक झाली ती पुढे. उत्पन्नाचा आकडा मोजायला सोपा म्हणून तोच एकटा आकडा झाला, आणि मोजायला अवघड ते गुण हिशेबाबाहेर राहिले. कडबा, चव, टिकाऊपणा यांना रकानाच नव्हता, म्हणून ते नाहीतच असं गृहीत धरलं गेलं.

विज्ञानाने ही चूक मान्य करायला वेळ घेतला, पण केली. 1981 साली हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत ज्वारीच्या दाण्याच्या गुणवत्तेवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. भाकरीचा रंग, वास, चव, पोत, ती किती वेळ चांगली राहते, पीठ किती पाणी पितं, या गोष्टींना तिथे वैज्ञानिक चर्चेत जागा मिळाली. घरातल्या बायका परातीत जे रोज पारखत होत्या, त्याला अखेर रकाना मिळाला. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तर गुणवत्ता ही एकच गोष्ट नसते, हे वाणांच्या यादीतच मांडलं. हुरड्यासाठी फुले उत्तरा, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडांसाठी फुले रोहिणी. हुरड्याला दाणा कोवळा, गोड आणि कणसातून सहज सुटणारा हवा, लाहीला नीट फुटणारा हवा. एकाचा गुण दुसऱ्याच्या कामाचा नाही. जमिनीचंही तसंच: हलक्या रानात फुले अनुराधा आणि फुले माउली, भारी रानात फुले वसुधा, पाणी असेल तर फुले रेवती. गुणवत्ता तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी गुणवत्तेची व्याख्या वापरासाठीची योग्यता अशी केली, ती कारखान्यांसाठी. मोहोळच्या शेतकऱ्याला ती वेगळी शिकवायची गरज नव्हती. त्याचा पहिला प्रश्न असतो, कोणत्या रानात आणि कशासाठी?

ही झाली जवळच्या माणसांची गोष्ट. आता ज्वारी मोहोळहून निघून पुण्याच्या किराणा दुकानात जाते. तिथल्या गिऱ्हाइकाने शेत पाहिलेलं नाही. त्याच्यासमोर तीन पोती आहेत, तिन्हींवर 'मालदांडी' लिहिलेलं. पांढरी आणि गोल दिसणारी रब्बीची कुठलीही ज्वारी त्या नावाने विकता येते, आणि दाणा हातात घेऊन वाण ओळखणं जाणकारालाही अवघड जातं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हाच पेच मांडला आणि 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. खऱ्या-खोट्यातला फरक विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो. त्या भावात उत्तम माल आणणाऱ्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे हलका माल उरतो. शुद्ध मालदांडी राखणाऱ्या शेतकऱ्याला मिश्र पोत्याचाच भाव मिळत असेल, तर तो किती दिवस राखणार?

अंतर वाढलं की विश्वासाऐवजी शिक्का लागतो. 1937 चा कृषिमाल प्रतवारी कायदा आणि त्यातून आलेला ॲगमार्क, नंतरचं आयएसआय चिन्ह, सोन्यावरचा हॉलमार्क, 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळालेलं भौगोलिक मानांकन, हे सगळे याच गरजेतून आले. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. काही गुण भोगणाऱ्याला कळतच नाहीत. 22 कॅरेटचं कडं 18 चं निघालं तर ते मनगटावर समजत नाही. 2010 मध्ये महाराष्ट्रातली निर्यातीची द्राक्षं क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात अडकली. खाणाऱ्याच्या जिभेला त्या द्राक्षात काहीच वावगं लागलं नसतं. जिथे जीभ आणि डोळे थकतात तिथे प्रयोगशाळा हवीच.

पण शिक्का काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वाचता आलं पाहिजे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते. ज्वारीच्या बाबतीत ती किमान 75 टक्के उगवण आणि 98 टक्के भौतिक शुद्धता यांची हमी देते. त्या रानात पीक कसं येईल, भाकरी कशी होईल, कडबा जनावर खाईल का, याबद्दल ती गप्प असते. शिक्का तळ दाखवतो, उंची दाखवत नाही. आपण मात्र तळाच्या हमीला उत्तमतेचं प्रशस्तिपत्र समजतो, आणि विकणारे ती समजूत मोडायला उत्सुक नसतात. त्यापेक्षा कृषी खातं शिकवतं ती घरगुती चाचणी जास्त बोलकी आहे. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं. इथे मोजणारा तोच, भोगणाराही तोच.

शिक्क्याहून धोकादायक आहे तो एकटा आकडा, ज्यावर पैसे ठरतात. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ या निकषावर ठरतो, आणि पॉइंट कमी भरला की कपात होते. निकष वाजवीच आहे, पातळ दुधाला पूर्ण दर का द्यावा? पण जिथे फक्त दोन आकड्यांना पैसे मिळतात तिथे दूध सुधारण्याऐवजी आकडे सुधारण्याची वाट खुली होते. युरिया, पावडर, साखर यांची भेसळ याच वाटेने आली. याचं टोकाचं रूप 2008 मध्ये चीनमध्ये दिसलं. दुधातली प्रथिनं नायट्रोजनच्या प्रमाणावरून मोजत, म्हणून नायट्रोजन भरपूर असलेलं मेलामाइन दुधात मिसळलं गेलं. यंत्राने दूध उत्तम ठरवलं. सहा तान्ही मुलं दगावली आणि जवळपास 3 लाख मुलं आजारी पडली. यंत्र चुकलं नव्हतं. त्याला जे मोजायला सांगितलं होतं ते त्याने बरोबर मोजलं.

उसाची गोष्ट याच्या उलट आहे. एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, 10.25 टक्के पायाभूत साखर उताऱ्याशी बांधलेली आहे आणि उतारा वाढला की दर वाढतो. म्हणजे गुणवत्तेला दाम आहे, असं वाटतं. पण उतारा मोजला जातो तो पूर्ण कारखान्याचा, एकेका शेतकऱ्याच्या उसाचा नाही. ज्याने साखर जास्त देणारं वाण लावलं आणि पक्व ऊस तोडला, त्यालाही सरासरीचाच दर. मग तो जास्त टनेज देणाऱ्या वाणाकडे वळला तर दोष कुणाचा? शिवाय वजनकाटा आणि उतारा काढणारी प्रयोगशाळा, दोन्ही पैसे देणाऱ्याच्या आवारात. मोजणी प्रामाणिक असली तरी शंका मिटत नाही, कारण रचनाच शंका येण्यासारखी आहे.

वस्तूंबाबत एवढा गुंता, तर सेवांबाबत विचारायलाच नको. भाकरी निदान खाऊन कळते. डॉक्टरचं निदान बरोबर होतं की ताप आपोआप उतरला, हे बरा झालेल्या रुग्णालाही कळत नाही. खटला हरला तो वकिलामुळे की मुळातच कच्चा होता, हे अशिलाला कसं समजणार? म्हणून सेवेत आपण दिसणाऱ्या गोष्टींना गुण देतो: चकचकीत फरशी, मोठं यंत्र, गोड बोलणं. गावोगावी अजूनही सुई टोचली किंवा सलाईन लावलं तरच औषधोपचार झाला असं मानणारे रुग्ण आहेत, आणि गरज नसताना ते देणारे डॉक्टरही. इथे भोगणाऱ्याची पारख चुकते, हे मान्यच करायला हवं. भोगणारा नेहमी बरोबर असतो, असा माझा दावा नाही. झळ त्याला लागते, म्हणून मोजण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारं ज्ञान त्याच्यापर्यंत पोचवलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

मोहोळसारख्या तालुक्यात सर्वांत जास्त वापरली जाणारी व्यावसायिक सेवा कोणती? माझ्या मते ती कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळणारा सल्ला. डाळिंबाच्या पानावर तेल्या रोगाचा डाग दिसला की शेतकरी पान खिशात घालून दुकानात येतो. दुकानदार पाहतो, औषध सांगतो आणि तेच विकतो. सल्ला फुकट, औषधाला पैसे. यात दुकानदार वाईट असतो असं नाही, कित्येक जण अनुभवी आणि भले असतात. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने 2003 पासून विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविकाही सुरू केली आहे. पण पदविका ज्ञान देते, हितसंबंध बदलत नाही. 'काही फवारू नका, फांदी छाटा, बाग स्वच्छ ठेवा' हा सर्वांत चांगला सल्ला असेल, तर तो देणाऱ्याचा गल्ला त्या दिवशी रिकामा राहतो. दुसरीकडे सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आहे, खुद्द मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या सल्ल्याला विक्रीचं ओझं नाही. पण ती केंद्रं दुकानाइतकी हाताशी नाहीत, आणि उधारीही देत नाहीत.

मग सेवांचे निकाल जाहीर करावेत, हा उपाय सुचतो. तोही भाबडेपणाने घेऊ नये. न्यूयॉर्क राज्याने हृदयशस्त्रक्रियेतल्या मृत्यूंचं प्रमाण 1990 च्या सुमारास रुग्णालयनिहाय आणि पुढे शल्यविशारदनिहाय जाहीर करायला सुरुवात केली. मृत्युदर घटला, पण काही डॉक्टर आकडा बिघडू नये म्हणून जास्त धोक्याचे रुग्ण टाळतात, अशी शंका अभ्यासकांनी मांडली. आपल्याकडचे क्लास हेच बिनबोभाट करतात. परीक्षा घेऊन हुशार मुलं आत घ्यायची आणि निकालानंतर त्यांचे फोटो चौकातल्या फलकावर लावायचे. मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि गेलं तेव्हा कुठे पोचलं, हे अंतर कुठल्याच फलकावर नसतं. शिकवण्याची गुणवत्ता मात्र त्या अंतरातच असते.

जबाबदारीचं काय? पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत उभी केली. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत आणली. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा मात्र कक्षेबाहेर ठेवली. कारणं काहीही असोत, परिणाम असा की चूक झाली तर डॉक्टरला ग्राहक आयोगापुढे उभं राहावं लागतं, वकिलाला नाही. आणि डॉक्टरचं चुकलं का, हे ठरवायला पुन्हा डॉक्टरच लागतात. ते अटळ आहे, कारण ज्ञान त्यांच्याकडेच आहे. पण ज्या व्यवसायात मोजणारे, मोजले जाणारे आणि त्यांना बोलावणारे एकाच पंगतीतले असतात, तिथे बाहेरच्या माणसाला एक तरी पाट मिळायला हवा.

यातून काही मागण्या सरळ निघतात. दूध संकलन केंद्रातली आणि कारखान्यातली मोजणी शेतकऱ्याने निवडलेल्या तिसऱ्या प्रयोगशाळेत ताडून पाहण्याचा हक्क हवा, आणि तफावत निघाली तर तिचा खर्च मोजणाऱ्यावर पडावा. एका आकड्यावर पैसे ठरत असतील तिथे दुसरा, तिसरा निकष जोडावा, म्हणजे एकाला फसवून भागणार नाही. सल्ला आणि विक्री जिथे एकाच काउंटरवर आहेत तिथे सल्ला लेखी मिळावा, रोगाच्या नावासह, म्हणजे तो दुसऱ्या जाणकाराला दाखवता येईल. शाळा आणि क्लास यांनी निकालाबरोबर प्रवेशाच्या वेळची पातळीही सांगावी. यातली एकही मागणी खर्चिक नाही. त्या पूर्ण झाल्या तर गैरसोय होईल ती ज्यांना आज मोजणीची झळ लागत नाही त्यांचीच.

आणि वाचकाला एक विनंती. 'उत्तम दर्जा' असं कोणी सांगितलं, मग तो बियाण्याचा असो, दवाखान्याचा असो की कॉलेजच्या नॅक श्रेणीचा, तर तीन गोष्टी विचारा. कशासाठी उत्तम? मोजलं कोणी? आणि मोजणं चुकलं तर भरपाई कोण करणार? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं मिळतात, माहितीपुस्तिका त्यांनीच भरलेल्या असतात. तिसऱ्याला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्या मोजणीवर पैसे लावू नका.